नऊ महिने काय बघत होतीस

टण्ण. खिळा फरशीवर पडला आणि घरंगळत पाळण्याखाली गेला.

दुपारची वेळ. जेवणं उरकून घर निवांत झालेलं. इरा नुकतीच झोपली होती आणि तिच्या अंगाला येणारा धुरीचा वास घेत घेत माझाही डोळा लागला होता. मी दचकून उठले, तर समोर स्टुलावर आक्का. सत्तरी उलटलेली बाई, पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी माझं चित्र भिंतीवरून उतरवत होती.

"आक्का, काय करताय? पडाल."

"मी नाही पडत. पडायचं ते पडलंय आधीच या घरावर."

आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आल्या, तेव्हापासून कराडच्या या घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. सासरे गेले, पण किल्ल्या होत्या तिथेच राहिल्या. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, याच घरात चाळीस-एक वर्षं नांदल्या. साखरेचा डबा कुठे ठेवायचा हेही आक्कांनाच विचारत राहिल्या.

"चित्र कशाला काढताय पण?"

"आज होळी. घरातलं अभद्र आज बाहेर गेलं पाहिजे."

"अभद्र? अहो, फुललेली झाडं आहेत ती."

"झाडं?" त्यांनी फ्रेम नाकाजवळ धरली. "कुठाय झाड? दाखव की. नुसते फराटे. हेच बघत बसलीस नऊ महिने, आणि आता पोरीच्या डोळ्यांत तेच उतरलं. सगळं पांढुरकं."

पाळण्यात इरा हलली. मी पाळण्याच्या दोरीला हात घातला, आणि तेवढ्यात आक्का चित्र काखेत मारून बाहेर गेल्या. भिंतीवर चौकोनी फिकट डाग तेवढा राहिला.

ते चित्र मी लग्नात बरोबर आणलं होतं. सांगलीला चित्रकलेचा डिप्लोमा करताना एका जुन्या कॅलेंडरमधून कापून घेतलेली छापील प्रत होती ती, काच लावून फ्रेम केलेली. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा फ्रेंच माणसाने रंगवलेली फळबाग. लांबलचक हिवाळा संपलाय, फांद्यांवर अजून पान नाही, आणि एकाएकी सगळी झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लदबदली आहेत. मागे गावाची लाल छपरं, पुढे पायवाट, आणि पायवाटेवर एक बाई असावी असे निळ्या रंगाचे दोन ठिपके. जवळ गेलं की बाग नाहीशी होते, उरतात ते ब्रशचे फटकारे. चार पावलं मागे आलं की पुन्हा वसंत ऋतू. त्या काळी पॅरिसमधले मोठे मोठे जाणकारही अशा चित्रांना अर्धवट, पुसट म्हणूनच हसले होते. आक्का काही नवीन बोलत नव्हत्या.

मला दिवस गेले तेव्हा आक्कांनी बाजारातून बाळकृष्णाचा मोठा फोटो आणला. गुबगुबीत गाल, गोरापान, लोण्याचा गोळा हातात. "सकाळी डोळे उघडलेस की पहिलं याचं तोंड बघायचं. जसं बघशील तसं होतं." मी म्हटलं बरं. बाळकृष्ण दाराच्या वरच्या बाजूला लागला. पण पलंगासमोरच्या भिंतीवर माझं चित्र होतं, आणि कुशीवर वळता येईना तेव्हा डोळ्यांसमोर तेच असायचं. बाहेर पाऊस, मग थंडी, आणि माझ्या भिंतीवर बारा महिने फुललेली बाग. आईंनाही मी एकदा दाखवली होती. जवळ जाऊन त्यांनी मान हलवली, "काही कळत नाही गं."

"तिथून नाही आई, दारात उभ्या राहा."

त्या दारात गेल्या, वळल्या, आणि पदर तोंडावर धरून हसल्या. "अगो बाई! झाडं आहेत होय!"

माहेरी मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. इरा जानेवारीत आली. काळंभोर जावळ, एवढीशी हनुवटी, आणि दूध पिताना माझं बोट घट्ट धरून ठेवायची सवय. मी बोलले की मान वळवायची, पण माझ्याकडे बघायची नाही. माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघायची. मालिश करणाऱ्या शेवंताबाईंनी एकदा तिला उन्हात धरलं आणि त्यांचे हात थांबले. "वहिनी, हिच्या बाहुल्या बघा. दुधाचे थेंब पडल्यावानी दिसतात."

मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आम्ही सगळेच गेलो. मी, माझा नवरा विक्रांत, आई आणि आक्का. डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. इराला त्यांनी इतक्या हळुवार हातांनी तपासलं की मला रडूच आलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. जन्मापासूनचा."

"मोतीबिंदू?" विक्रांत म्हणाला. "तो तर म्हाताऱ्यांना होतो ना?"

"बाळांनाही होतो. पुष्कळदा घराण्यात असतो. तुमच्याकडे कुणाला होता का? लहानपणीच दिसत नव्हतं, असं कुणी?"

"आमच्या घराण्यात कुणाला साधा चष्मा नाही," आक्का ताठ बसून म्हणाल्या. "हिच्या माहेरचं हिला विचारा."

माझ्या माहेरी कुणाला नव्हता. मी तसं सांगितलं. आई इराच्या टोपड्याची नाडी बांधत होत्या. ती बांधलेलीच होती. त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

डॉक्टर मग फक्त माझ्याकडे बघून बोलल्या. "हे बघा, बाळाचे डोळे बघायला शिकत असतात. आत्ता, याच दिवसांत. आत्ता उजेड पोचला नाही तर पुढे ऑपरेशन करूनही फारसा उपयोग होत नाही, कारण मेंदू शिकायचं सोडून देतो. उशीर करू नका. होळी झाल्यावरचा सोमवार देते."

सोमवार. माझ्या डोक्यात तेवढा एकच शब्द राहिला होता.

गाडीत आक्कांनी विचारलं, "नऊ महिने काय बघत होतीस गं तू?" आणि मी वेड्यासारखं खरं सांगितलं.

त्या दिवसापासून घरात येणारी प्रत्येक बाई आधी पाळण्यात डोकवायची, मग माझ्या खोलीतल्या भिंतीकडे बघायची. "हेच का ते?" हळदीकुंकवाला यावं तशा येत होत्या. एकीने तर जवळ जाऊन काचेवर बोट फिरवलं आणि ते बोट पदराला पुसलं. मला वाटायचं, ओरडून विचारावं, तुम्ही नऊ महिने काय बघितलं होतं? सिरियली? मग तुमची पोरं जाहिरातींसाठी मध्येमध्ये थांबतात का?

पण मी ओली बाळंतीण. मी दूध येण्यासाठी शांत राहायचं होतं.

चित्र घेऊन आक्का बाहेर गेल्यावर मी इराला खांद्यावर घेतलं आणि विक्रांतला शोधायला गेले. तो मागच्या अंगणात होळीसाठी लाकडं फोडत होता.

"आक्कांनी माझं चित्र काढून नेलं."

"नेऊ दे ना. कागदच आहे." त्याने कुऱ्हाड टेकवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. "केतकी, अजून एक सांगायचं होतं."

"काय?"

"मिरजेला फोन केला होता सकाळी. सोमवारचं पुढे ढकललंय."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "काय ढकललंय?"

"आक्कांनी नवस बोललाय. चैत्रातल्या जत्रेला देवीला चांदीचे डोळे वाहायचे. त्याआधी पोरीच्या डोळ्यांना हत्यार लावायचं नाही म्हणतात. महिन्याभराने काय होतं? एवढीशी तर आहे ती."

"डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलं होतंस ना तू?"

"ऐकलं. डॉक्टर असंच घाबरवतात."

"आणि मला न विचारता फोन केलास?"

"तू चिडली असतीस."

"चिडले असते? विक्रांत, ही काय भाजी आहे, आज नको उद्या करू म्हणायला? तिचे डोळे आहेत!"

"हळू बोल. आक्का ऐकतील." तो कुजबुजला. "वय झालंय त्यांचं. लहानाचं मोठं केलंय मला त्यांनी. त्यांचं मन मोडायचं का आता?"

"मग इराचं काय मोडायचं ते तूच ठरव."

त्याने लाकडाचा ओंडका उभा केला आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. मी घरात आले.  उद्या रविवार. मी ठरवलं, सोमवारी पहाटे मी एकटी पोरीला घेऊन एसटीने मिरजेला जाईन. संमतीची सही माझी एकटीचीही चालते. पण दिलेली वेळ आता दुसऱ्या कुणाला गेली असली तर? आणि ऑपरेशननंतर दर चार तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे, ते याच घरात येऊन घालायचे होते. आक्कांच्या घरात.

स्वयंपाकघरात आई पुरण वाटत होत्या. माझ्या कडेवर इरा, माझं तोंड रडून सुजलेलं. मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"सोमवार रद्द केला ते."

त्यांचा हात पाट्यावर थांबला.  मग म्हणाल्या, "तिला दे इकडे. तू दोन घास खाऊन घे."

"मला भूक नाही."

"दूध कुठून यायचं मग?"

मला त्यांचाही संताप आला. या घरात प्रत्येकाला माझ्या दुधाची काळजी होती.

दिवेलागणीला गल्लीतली सगळी चौकात जमली. मधोमध एरंडाची फांदी रोवलेली, भोवती लाकडं आणि गोवऱ्यांची रास. विक्रांतने होळी पेटवली आणि पोरांनी तोंडावर हात मारत बोंब ठोकली. बायका नैवेद्याची ताटं घेऊन रांगेत उभ्या. इरा माझ्या खांद्यावर. ज्वाळा चांगल्या पुरुषभर उंच झाल्या, उजेड सगळ्यांच्या तोंडांवर नाचत होता, आणि माझी पोर त्या उजेडाकडे पाठ करून बोंबेच्या आवाजाकडे मान वळवत होती.

आक्का पुढे आल्या. एका हातात नारळ, काखेत माझं चित्र.

"आक्का, द्या ते माझ्याकडे," मी म्हटलं.

"मागे हो. ओली बाळंतीण तू, होळीपाशी यायचंच नव्हतं." मग गल्लीला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "पोरीच्या डोळ्यांची पीडा आहे ही. जळली की जत्रेपर्यंत आपोआप उतार पडतो की नाही बघा."

कुणीतरी म्हणालं, "खरंय बाई." विक्रांत होळीच्या पलीकडे उभा होता. धुराने डोळे चोळत होता, नाहीतर तसं दाखवत होता.

मी पुढे झाले आणि फ्रेमला हात घातला. आक्कांनी सोडली नाही. आम्ही दोघी गल्लीसमोर एका कॅलेंडरच्या कागदासाठी ओढाओढ करत होतो आणि माझ्या खांद्यावर इरा रडायला लागली. तेवढ्यात मध्ये आणखी दोन हात आले. पिवळे, पुरणाचे.

आई. त्यांनी आम्हा दोघींच्या हातांतून चित्र सोडवून घेतलं. मला वाटलं, सुटलं.

आईंनी ते उचलून होळीत टाकलं.

"आई!"

काच तडकली. क्षणभर ती बाग ज्वाळांच्या आत दिसली, पांढरी, गुलाबी, मग कडेने काळी पडत आत वळत गेली. त्या क्षणी मला त्या बाईचा जितका तिरस्कार वाटला तितका आयुष्यात कुणाचा वाटला नसेल.

"जळलं का, आक्का?" आईंनी विचारलं. आवाज रोजचाच. साखर कुठे ठेवू, या सुरातला.

"जळलं. बरं केलंस."

"पीडा गेली?"

"गेली म्हणायची."

"मग आता परवा मिरजेला जायला काय हरकत?"

आक्का गोंधळल्या. "अगं, पण देवीचे डोळे..."

"देवीचे देवीला वाहू. पोरीचे मिरजेला न्यायचे."

"चार माणसांत काय बोलतेस? नवस बोललाय मी."

"बोलला होतात मागेही." आई आता आक्कांकडे बघत होत्या. मी त्यांना आक्कांकडे असं सरळ बघताना कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या वेळेला विळी विहिरीत टाकली होती तुम्ही. नवी विळी, माझ्या आईने दिलेली. टाकलीत ना? मग दिसलं का माझ्या पोरीला?"

बोंब मारणारी पोरंसुद्धा थांबली.

"कुठली पोर?" विक्रांत होळीला वळसा घालून आला. "आई, कुठली पोर?"

"तुझ्या आधीची. थोरली." त्या त्याच्याकडे न बघता बोलत होत्या. "तिच्याही बाहुल्या अशाच होत्या. दुधासारख्या. पाच वर्षांची होऊन तापात गेली. तोवर कधी चूल दिसली नाही तिला, कधी माझं तोंड दिसलं नाही. सगळे म्हणाले, मी ग्रहणात विळीवर बसून वांगं चिरलं."

"चिरलंच होतंस," आक्का म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

"नव्हतं चिरलं, आक्का. ग्रहण लागायच्या आधीपासून मी खोलीत आडवी पडून होते. तुम्हीच कडी घातली होती बाहेरून. तुम्हीच ग्रहण सुटल्यावर काढली."  "पण तुम्ही म्हणालात चिरलं. हे म्हणाले चिरलं. सासूबाई म्हणाल्या. वर्षभर रोज कुणी ना कुणी म्हणत होतं. मग मलाही दिसायला लागलं वांगं. हातात धरलेलं. मला वाटलं, चिरलं असेल."

गोवरी फुटल्यासारखा आवाज आला आणि ठिणग्या उडाल्या. 

"त्या डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तिथेच सांगायला हवं होतं," आई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, आमच्या घराण्यात नाही. जीभच उचलली नाही माझी. बसले नाडी बांधत." मग त्या विक्रांतकडे वळल्या. "फोन लाव."

"आई, आत्ता कुणी..."

"लाव म्हणते ना. आणि म्हणावं, होतं. आमच्याकडे होतं. लिहून घ्या म्हणावं."

त्याने तिथेच, होळीच्या उजेडात, फोन लावला. पलीकडून कुणी उचलेपर्यंत त्याने तीनदा घसा खाकरला. सोमवारची वेळ अजून कुणाला दिलेली नव्हती.

आईंनी माझ्याकडून इराला घेतलं आणि घराकडे चालू लागल्या. मी मागोमाग. दारात आल्यावर त्या थांबल्या. "तू रागावलीस. रागाव. पण ते भिंतीवर राहिलं असतं ना, तर आक्का आणखी वर्षभर त्याच्याशीच भांडत बसल्या असत्या."

ऑपरेशन झालं. मग दुसऱ्या डोळ्याचं. पट्टी काढल्यावर एवढासा जाड चष्मा, मागे इलॅस्टिक लावलेला. चष्मा घातल्यावर इरा आधी घाबरली, मग गप्प झाली, मग तिने माझ्या नाकाकडे हात नेला. नाक पकडलं आणि बघत राहिली. माझ्याकडे. कानाच्या पलीकडे नाही, माझ्याकडे.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात विक्रांतचेही डोळे तपासले. त्याच्या डाव्या डोळ्याच्या भिंगात टाचणीच्या टोकाएवढा डाग निघाला, जन्मापासूनचा. त्याला त्याचा कधी त्रास झाला नव्हता, म्हणून कुणी बघितला नव्हता. विक्रांतच्या वेळेला आईंनी नऊ महिने काय बघितलं होतं, हे अर्थातच कुणी विचारलं नाही. मुलगा होता तो. दिसत होतं त्याला.

आक्का पुढच्याच वर्षी गेल्या. किल्ल्या आईंनी घेतल्या आणि खिडकीत टांगून ठेवल्या, ज्याला लागतील त्याने घ्याव्यात म्हणून. त्या रात्रीनंतर थोरलीबद्दल त्या क्वचितच बोलायच्या. बोलल्या तर "थोरली" किंवा "ती". थोरलीला गुळाचा वासावरून पत्ता लागायचा. तिला पायऱ्यांची वाट पायांनी पाठ होती. एकदा मात्र इराचा चष्मा साबणाने धुताना म्हणाल्या, "हा एवढाच लागत होता गं." आणि नळ बराच वेळ वाहू दिला. मागच्या श्रावणात त्याही गेल्या.

परवा इरा शाळेतून आली ती तोंड पाडून. आता दुसरीत आहे. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, तू मी पोटात असताना वाईट चित्र बघत होतीस का? स्वराची आजी म्हणाली."

इतकी वर्षं झाली, तरी.  तशीच उठून स्वराच्या आजीकडे जावं असं वाटलं. पण इरा चष्म्याआडून माझ्याकडे बघत होती, डोळे एवढे मोठे झालेले. मी तिला मांडीवर घेतलं, तिची वेणी सोडली आणि केसांतून हात फिरवत सगळं सांगितलं. चित्र कसं होतं ते, होळी, विळी, वांगं, आजीने काय केलं ते. डाग बाबांच्याही डोळ्यात आहे हेही. तिने मधेमधे एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे आजीने नव्हतं चिरलं," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतं."

"आणि तू बघितलंस म्हणून पण नाही."

"नाही, बाळा. कुणीच काही केलं नव्हतं."

तिने चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे ती माझी आत्या ना? बाबांची ताई?"

"हो."

"तिचं नाव काय होतं?"